मराठी-इंग्रजी वेबसाइट कशी उभारायची आणि पुढे कशी सांभाळायची

गुहागरजवळच्या एका घरगुती निवासाची साइट मी काही वर्षांपूर्वी करून दिली, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मालकीणबाईंचा फोन आला, "ताई, खोलीचं भाडं १,८०० चं २,४०० करायचंय." मी एसटीत होते. मोबाइलवरूनच इंग्रजी पान बदललं, मराठी रात्री घरी जाऊन करू म्हटलं, आणि ते राहूनच गेलं. डिसेंबरात पुण्याचं एक कुटुंब मोबाइलवर मराठी पान उघडून दारात उभं. त्यातले आजोबा चिडून विचारत होते, "मराठीतला भाव नुसता दाखवायला ठेवलाय का?" बाईंनी खोली १,८०० लाच दिली. फरकाचे पैसे अर्थातच मी भरले.

दोन भाषांची साइट उभी करायला आठवडा पुरतो. नंतर दर महिन्याला जे काम लागतं त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हा लेख दोन्हींबद्दल आहे. तुम्ही पहिल्यांदाच साइट करताय, कोड लिहीत नाही आणि वर्डप्रेस (कोड न लिहिता साइट करायचं सॉफ्टवेअर) वापरणार आहात, असं धरून चालते.

## आधी भाषा ठरवा, आणि कमीच ठरवा

माझा नियम साधा आहे: ज्या भाषेत फोन उचलता येतो, तीच भाषा साइटवर ठेवायची. त्याच बाईंच्या भाच्याने हौसेने गुजराती पानं लिहून दिली होती. छान लिहिली होती. मग सुरतेहून, वलसाडहून गुजरातीत मेसेज यायला लागले आणि भाचा नोकरीसाठी बंगळूरला गेला. उत्तर द्यायला घरात कुणीच नाही. चार महिन्यांत ती पानं काढावी लागली.

तेव्हा कागद घ्या आणि लिहा: चौकशीला उत्तर कोण देणार, दर बदलले की त्या भाषेत कोण लिहिणार. ज्या भाषेपुढे नाव लिहिता आलं नाही, ती भाषा सध्या नको. बहुतेकांच्या कागदावर मराठी आणि इंग्रजी उरतात. मुंबई-पुण्याच्या धंद्यात कधीकधी हिंदी. गोव्यात काम असेल तर कोकणीचा विचार करताना आधी लिपी ठरवा, कारण तिथे देवनागरी वाचणारे आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी, वाचणारे असे दोन वाचकवर्ग आहेत.

मूळ भाषा कोणती तेही आत्ताच ठरवा. मूळ म्हणजे मजकूर आधी जिच्यात लिहायचा ती. माझ्या अनुभवात, मालक ज्या भाषेत विचार करतो तीच मूळ ठेवावी. आधी इंग्रजीत लिहून घेतलं की मराठी पान भाषांतराच्या वासाने ओळखू येतं.

## सगळी पानं दोन्हीकडे लागत नाहीत

नवशिक्याला वाटतं, मराठीत दहा पानं तर इंग्रजीतही दहाच हवीत. तसं काही नाही. पुण्याहून येणाऱ्याला सोलकढी म्हणजे काय हे सांगायचं नसतं. त्याला विचारायचं असतं की माशाचं जेवण रोज मिळतं का, आजीसाठी खाट आहे का, गणपतीत खोली मिळेल का. इंग्रजी पान वाचणारा कदाचित बंगळूरचा किंवा जर्मनीचा असेल. त्याला कोकण रेल्वेने चिपळूणला उतरायचं, पुढे रस्त्याने यायचं हे सविस्तर हवं. किनाऱ्यावर कपड्यांचं काय, मसाला किती, एटीएम किती लांब, हेही.

म्हणून मी प्रत्येक भाषेला पाच पानांपासून सुरुवात करते: पहिलं पान, खोल्या आणि दर, कसं यायचं, जेवण, संपर्क. नावं तीच, आतला मजकूर ज्याचा त्याचा. 'आमचं गाव' असा लांब लेख फक्त मराठीत असला तर बिघडत नाही. फक्त इंग्रजी बटण दाबल्यावर वाचकाला रिकामं पान दिसू नये, इंग्रजी पहिलं पान दिसावं.

## पत्ता

डोमेन म्हणजे साइटचं नाव. भाषा त्यात मांडायच्या तीन वाटा आहेत. एकाच डोमेनमध्ये भाषेचा कप्पा करायचा, म्हणजे नावानंतर तिरकी रेघ आणि एम-आर ही दोन रोमन अक्षरं, मग पानाचं नाव. किंवा सबडोमेन, म्हणजे भाषेचा कोड नावाच्या आधी, जसं मराठी विकिपीडियाचं आहे. किंवा प्रत्येक भाषेला वेगळं डोमेन. छोट्या साइटला पहिली वाट. एकच होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), एकच नूतनीकरण, एकच बॅकअप.

मराठीचा कोड एम-आर, इंग्रजीचा ई-एन, हिंदीचा एच-आय. कोकणीला दोन अक्षरी कोडच नाही, तिला के-ओ-के असा तीन अक्षरी आहे. एम-आर हा मॉरिटानिया देशाचाही कोड आहे, पण तो देशांच्या यादीत. भाषांच्या यादीत ती दोन अक्षरं आपली.

'डॉट भारत' असं देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. घ्यायला हरकत नाही, पाटीवर सुरेख दिसतं. पण मुख्य पत्ता रोमनच ठेवा. त्या डोमेनवरचा ईमेल पत्ता अजून कितीतरी फॉर्म नाकारतात.

आता पानाच्या नावाची गंमत. पत्त्यात देवनागरी चालते, पण आतून प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. 'आंबा' म्हणजे आ, अनुस्वार, ब आणि काना: चार गुणिले नऊ, ३६. वर्डप्रेस हा तुकडा २०० चिन्हांवर कापतो, म्हणजे हातात जेमतेम २२ देवनागरी चिन्हं उरतात. मी एकदा पानाला 'गुहागर समुद्रकिनाऱ्याजवळ राहण्याची सोय' असं शीर्षक दिलं. पत्ता झाला 'गुहागर-समुद्रकिनाऱ्याजव'. शिवाय तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते आणि माणसं घाबरून दाबत नाहीत. शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा, हाताने लिहा.

## टायपिंग आणि फॉन्ट

इथे जरा थांबते, कारण मराठी साइटची निम्मी दुखणी इथली.

पहिलं दुखणं जुन्या मजकुराचं. मालक सांगतात, "सगळं लिहिलेलं आहे, पत्रक छापलं होतं ना." ते पत्रक गावातल्या डीटीपीवाल्याने श्रीलिपीत नाहीतर डीव्हीबीच्या फॉन्टमध्ये केलेलं असतं. तो मजकूर साइटवर चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होतो, कारण त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं रोमनच असतात, वर मुखवटा देवनागरीचा. असा मजकूर खऱ्या देवनागरीत बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. ते वापरा, पण नंतर ओळ न् ओळ वाचा. रफार एक अक्षर पुढे सरकतो आणि र्‍हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते. दोन पानांचा मजकूर असेल तर सरळ पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

दुसरं, सारखं दिसणारं पण वेगळं. 'ॲप' हा शब्द एकाच ॲ या अक्षराने लिहिता येतो, किंवा अ लिहून वर चंद्र देऊन. 'वऱ्हाड'मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्याला फरक नाही, कॉम्प्युटरला दोन निराळे शब्द. साइटवरच्या शोधचौकटीत एका पद्धतीने लिहिलं तर दुसऱ्या पद्धतीचं पान सापडत नाही. सगळा मजकूर एकाच कीबोर्डवर टाइप करा, निदान एकाच माणसाकडून. दोघं लिहिणार असतील तर हे दोन शब्द दोघांकडून टाइप करून घ्या आणि शोधून बघा.

फॉन्ट कोणता? 'मुक्त', 'नोटो सान्स देवनागरी' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट आहेत आणि पडद्यावर नीट वाचता येतात. छापील पुस्तकासारखं वळण हवं तर तिरो देवनागरी मराठी बघा. तो खास मराठीसाठीच आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याची वेगळी भावंडं आहेत. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात हे शाळेत फळ्यावर पाहिलेलं आठवत असेल. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि पानाला 'मी मराठी आहे' असा कोड, म्हणजे वरचा एम-आर, लावलेला असेल तरच मराठी वळण उमटतं. आंधळ्या वाचकाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्याच कोडवरून आवाज निवडतं. कोड चुकीचा राहिला तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायची पाळी येते.

मग थीम, म्हणजे साइटचं तयार रूप. बहुतेक थीम इंग्रजीसाठी बेतलेल्या असतात. मेन्यूतली अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून त्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि 'आमच्याविषयी'चं 'आ म च्या वि ष यी' होतं, दात पडल्यासारखं. थीमच्या सेटिंगमध्ये हे अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. इंग्रजीत अक्षरांच्या आकाराच्या १.४ पट चालतं, मराठीला १.६ ते १.७ पट लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. तिरपी अक्षरं देवनागरीत वापरूच नका.

## प्लगइन आणि भाषेचं बटण

प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर. भाषांसाठी पॉलीलँग हे प्लगइन पुरतं, त्याची मोफत आवृत्ती पाच-दहा पानांना भरपूर. डब्ल्यूपीएमएल या दुसऱ्या प्लगइनला पैसे पडतात. दुकानासारखी मोठी साइट असेल तर ते पाहा. पॉलीलँग बसवलं की भाषा जोडा, मूळ भाषा निवडा, आणि प्रत्येक पान उघडून ते कोणत्या भाषेतलं आहे आणि त्याचं जोडीदार पान कोणतं ते सांगा. ही जोडी लावायला विसरलात तर बटण दाबल्यावर वाचक पहिल्या पानावर फेकला जातो.

बटणावर झेंडा नको. इंग्रजीला ब्रिटनचा लावला तर मराठीला कोणता लावणार? 'मराठी' आणि 'इंग्लिश' असे शब्द लिहा, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत. वर उजवीकडे, मोबाइलवरही न लपवता.

'ब्राउझरची भाषा ओळखा' हे सेटिंग बंद ठेवा. आपल्याकडे मराठी माणसाचा फोन सर्रास इंग्रजीत असतो. त्याने मराठी लिंक दाबली आणि साइटने त्याला परस्पर इंग्रजी पानावर नेलं तर तो बटण शोधत बसत नाही, निघून जातो. गूगलचा तपासनीस प्रोग्रॅमही भाषेची पसंती न सांगता येतो, त्यामुळे अशा आपोआप वळवण्यात एक भाषा त्याला दिसतच नाही.

एचरेफलँग नावाची एक खूण असते. मराठी पान गूगलला सांगतं की माझं इंग्रजी भावंड अमुक पत्त्यावर आहे, आणि इंग्रजी पानाने तेच उलट सांगायचं असतं. येणंजाणं दोन्हीकडून हवं. एकाच बाजूने ओळख दाखवली तर गूगल ती धरत नाही. पॉलीलँग हे स्वतः करतं, तुम्ही फक्त जोड्या नीट लावा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी वेगळी आवृत्ती करायचा मोह होतो. गरज नाही, एम-आर पुरे. पान कोणत्या भाषेत आहे हे मात्र गूगल खुणेवरून नाही, दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं. त्यामुळे मेन्यू मराठी आणि आत सगळं इंग्रजी, असली अर्धवट पानं लावू नका.

आणखी एक. आपली माणसं मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात. त्यासाठी रोमन लिपीतली तिसरी आवृत्ती काढायची नाही. इंग्रजी पानाच्या मजकुरात घरगुती जेवण, हापूस, मोदक हे शब्द रोमन अक्षरांत सहज येऊ द्या. आंब्याच्या साइटवर तर इंग्रजी पानावर 'अल्फान्सो' आणि 'हापूस' दोन्ही हवेत, कारण शोधणारे दोन्ही नावांनी येतात.

## मजकूर लिहिताना

मशीनचं भाषांतर कच्चा खर्डा म्हणून घ्या, तसंच लावू नका. एकटा शब्द दिला की मशीनला संदर्भ नसतो. मेन्यूतल्या 'होम'चं 'घर' झालेलं मी पाहिलंय, आणि घरगुती निवासाच्या साइटवर ते बटण दाबल्यावर घराचे फोटो येतील असं कुणालाही वाटेल. 'मुखपृष्ठ' लिहा. 'सबमिट'ला 'सादर करा' म्हणू नका, तो सरकारी अर्ज नाही, 'पाठवा'. 'रीड मोअर'ला 'पुढे वाचा'. बुकिंगला बुकिंगच म्हणा, फोनवर कुणी 'आरक्षण' म्हणत नाही. असे पंचवीस-तीस शब्द एका वहीत लिहून ठेवा. वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण' हेही त्याच वहीत, नाहीतर एका पानावर तुम्ही आणि दुसऱ्यावर आपण होतं.

तयार साच्यांपासून सावध राहा. काही प्लगइन वाक्य जोडून बनवतात: शहराचं नाव, पुढे ठरलेला तुकडा. इंग्रजीत चालतं. मराठीत 'पुणे' आणि 'हून' चिकटवलं की 'पुणेहून' होतं, खरं तर 'पुण्याहून' हवं. रत्नागिरीचं चालून जातं, 'रत्नागिरीहून' बरोबरच आहे, त्यामुळे तपासताना चूक हाती लागत नाही. उपाय: वाक्यच बदला. 'कुठून: पुणे' असं लिहिलं की सामान्यरूपाची कटकट संपली. 'खोली' आणि 'खोल्या'चंही तसंच. 'उपलब्ध खोल्या: १' कुणाला खटकत नाही.

आकडे. ब्राउझरला मराठी तारीख मागितली की तो आपणहून देवनागरी आकडे देतो, हिंदीला मात्र रोमन. त्यामुळे बुकिंगच्या कॅलेंडरात '२४' आणि शेजारी तुम्ही हाताने लिहिलेले रोमन आकडे, अशी सरमिसळ होते. एक काहीतरी ठरवा. फोन नंबर तेवढा कायम रोमन आकड्यांत, बोट लावलं की फोन लागला पाहिजे.

चित्रातला मजकूर विसरू नका. दरपत्रक सुंदर डिझाइन करून चित्र म्हणून लावलेलं असतं. ते भाषांतरितही होत नाही आणि गूगलला नीट वाचता येईल याचीही खात्री नसते. शिवाय फॉर्म चुकला की येणारी सूचना, बुकिंगनंतर जाणारा ईमेल, 'हे पान सापडलं नाही'चं पान आणि व्हॉट्सॲपच्या बटणामागचा तयार मेसेज, हेही त्या त्या भाषेत हवं. मराठी पानावरून बटण दाबलं आणि इंग्रजी मेसेज उघडला, असं अजूनही कितीतरी साइटवर होतं.

लावण्याआधी एक स्वस्त, जुना अँड्रॉइड फोन मागून घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्या. "खोलीचं भाडं किती ते शोध" एवढंच सांगा आणि गप्प बसा. मी सासूबाईंना देते. त्या जिथे अडखळतात तिथे वाक्य वाईट असतं.

## सांभाळायचं कसं

आता त्या १,८०० रुपयांकडे. एकच आकडा दोन ठिकाणी लिहिलेला होता, म्हणून तो एका ठिकाणी जुना राहिला.

विकिपीडियालाही हे दुखणं होतं. एका लेखाची इतर भाषांतली भावंडं कोणती, याची यादी पूर्वी प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक लेखाच्या तळाशी वेगळी लिहिलेली असायची. एका भाषेत लेख आला की बाकी सगळ्या याद्या दुरुस्त करत बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, फिरायचे. २०१३ मध्ये ती यादी विकिडेटा या एकाच ठिकाणी गेली आणि लेखांतल्या ओळी काढून टाकता आल्या.

आपल्यालाही तेच करायचंय, फक्त लहान प्रमाणात. वर्डप्रेसमध्ये 'सिंक्ड पॅटर्न' असतो, म्हणजे एकदा बनवून अनेक पानांवर लावता येणारा तुकडा. एकीकडे बदलला की सगळीकडे बदलतो. दरांचा तक्ता असा तुकडा करा आणि त्यातच दोन्ही भाषा लिहा: डावीकडे खोलीचं नाव मराठीत, खाली इंग्रजीत, उजवीकडे एकच आकडा, रोमन. गावातल्या खानावळीच्या भिंतीवरचा दरफलक असाच असतो. हाच तुकडा दोन्ही पानांवर. फोन नंबर, बंदचे दिवस, आगाऊ रक्कम हेही याच तुकड्यात. मजकुराच्या परिच्छेदात आकडा लिहायचाच नाही, 'दर खाली पाहा' म्हणायचं.

उरलेल्या मजकुरासाठी एक तक्ता ठेवा: पानाचं नाव, मराठी कधी बदललं, इंग्रजी कधी बदललं, कोण बघतं. मूळ भाषेत बदल झाला की त्याच दिवशी तारीख टाकायची. दुसरी भाषा पंधरा दिवस मागे राहिली तर चालेल, त्याहून जास्त नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास: तक्ता बघायचा, दोन्ही भाषांतून एकेक चौकशी स्वतः पाठवून बघायची, भाषेचं बटण प्रत्येक पानावर दाबायचं. प्लगइन अपडेट करायच्या आधी बॅकअप. अपडेटनंतर मराठी पान आधी उघडा. मोडलं तर बहुधा तेच मोडतं, आणि इंग्रजीत काम करणाऱ्याच्या ते शेवटी लक्षात येतं. कोकणातल्या साइटला मी पावसाआधी, गणपतीच्या महिनाभर आधी आणि दिवाळीआधी असे तीन मोठे फेरे मारते, कारण दर तेव्हाच बदलतात.

एखादी भाषा बंद करायची वेळ आली तर पानं नुसती पुसू नका. लोकांनी ते दुवे पाठवलेले असतात. जुन्या पत्त्यावरून मूळ भाषेच्या त्याच पानावर कायमचं वळण लावा, ३०१ नावाचं. गुजरातीची पाचही पानं मी तशी वळवली, आणि इंग्रजी संपर्काच्या पानावर एक ओळ घातली की उत्तर मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत मिळेल. सुरतेचे मेसेज अजून येतात, आता हिंदीत, आणि बाई त्यांना स्वतः उत्तर देतात.